रॉकेट परत आलं, रेंज कधी येणार?

तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असणारच. १३ ऑक्टोबर २०२४ चा. अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यावर जवळपास ७० मीटर उंचीचा बूस्टर उभाच्या उभा आभाळातून खाली येतो. शेवटच्या क्षणी इंजिनं पेटवून वेग कमी करतो. आणि ज्या टॉवरवरून तो सातेक मिनिटांपूर्वी उडाला, त्याच टॉवरचे दोन लोखंडी हात त्याला हवेतल्या हवेत धरतात. स्लिपमधला कॅच वाटावा इतकं सफाईदार काम. स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटची ती पाचवी चाचणी होती.

आता दुसरी बातमी, आपल्या घरची. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. स्टारलिंक म्हणजे त्याच स्पेसएक्सची उपग्रहावरून इंटरनेट देणारी सेवा. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत. सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि दुर्गम भागातल्या सार्वजनिक सेवा जोडायच्या, असा हा इरादा आहे.

या दोन बातम्या आपल्या डोक्यात आपोआप एकमेकींना चिकटतात. रॉकेट पुन्हा वापरता येतंय, म्हणजे उपग्रह सोडणं स्वस्त. उपग्रह सोडणं स्वस्त, म्हणजे इंटरनेट स्वस्त. इंटरनेट स्वस्त, म्हणजे सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पोरीच्या हातात नेट. विषय संपला!

मला वाटतं, विषय इथून सुरू होतो. या साखळीतली पहिली कडी पक्की आहे. पुढच्या दोन कड्या आपोआप जुळत नाहीत, त्या कुणीतरी जुळवाव्या लागतात. ते काम टेक्ससमध्ये होणार नाही. ते मंत्रालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामसभेत व्हायचं आहे. तिथे प्रश्न विचारणारं कुणी नसेल, तर रॉकेट कितीही वेळा परत आलं तरी रेंज येणार नाही.

शेवटची तारीख रेंज बघून ठरत नाही

आपण रील लोड होण्याबद्दल बोलत नाही आहोत, हे आधी स्पष्ट करू. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. इंजिनीअरिंग, फार्मसीच्या प्रवेशासाठी कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म ऑनलाइनच द्यावा लागतो. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा, तर मशीनलाही नेटवर्क लागतं. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला ओटीपी लागतो. पीएच.डी.चा अर्ज असो की आजीचं रेशन, सगळ्यांचा रस्ता आता स्क्रीनमधून जातो.

शहरातल्या हॉस्टेलवर वायफाय बसलं तर आपण बाजूच्याला म्हणतो, "हॉटस्पॉट दे ना." अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर बाजूच्याकडेही रेंज नसते. ओटीपीची मुदत काही मिनिटांची आणि रेंज येते ती टेकडी अर्ध्या तासावर, असा तो हिशेब आहे. लॉकडाऊनच्या काळात झाडावर, टेकडीवर बसून ऑनलाइन तास करणाऱ्या मुलांचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. कौतुकाच्या कमेंट केल्या. खरं तर तो फोटो कौतुकाचा नव्हता, तक्रारीचा होता. अर्जाची शेवटची तारीख काही रेंज बघून ठरत नाही. त्यामुळे तुमच्यासारखेच मार्क असलेला, तुमच्याच वयाचा एखादा मुलगा नेटवर्कमुळे एक वर्ष मागे राहू शकतो. या लेखात पणाला लागलेली गोष्ट एवढी साधी आहे.

आधी रॉकेटला पूर्ण मार्क

स्वारगेटहून सोलापूरला गेलेली एसटी तिथेच भंगारात काढायची, असा नियम असता तर तिकीट कितीला पडलं असतं? रॉकेटचं अनेक दशकं असंच चाललं होतं. एकदा उडालं की समुद्रात. २१ डिसेंबर २०१५ ला स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटनं उपग्रह कक्षेत सोडून आपला पहिला टप्पा जमिनीवर सुखरूप उतरवला. ३० मार्च २०१७ ला एकदा उडालेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला. आज यातले काही बूस्टर ३० पेक्षा जास्त वेळा उडून आलेले आहेत.

फाल्कनचा फक्त खालचा टप्पा परत येतो, वरचा दर वेळी नवा लागतो. स्टारशिपमध्ये दोन्ही टप्पे परत आणायचे आहेत. हे काम किती अवघड आहे, ते चाचण्यांची डायरी बघा म्हणजे कळेल. एप्रिल २०२३ मधलं पहिलं उड्डाण चार मिनिटांत संपलं. जून २०२४ मध्ये चौथ्या उड्डाणात दोन्ही टप्पे पाण्यावर हळुवार उतरले. पाचव्यात तो प्रसिद्ध कॅच. मग २०२५ उजाडलं आणि जानेवारी, मार्च, मे अशा सलग तीन उड्डाणांत वरचा टप्पा नष्ट झाला. जूनमध्ये तर एक यान चाचणीच्या स्टँडवरच फुटलं. त्यानंतर ऑगस्टमधलं दहावं आणि १३ ऑक्टोबरचं अकरावं उड्डाण ठरल्याप्रमाणे पार पडलं. या दोन्ही उड्डाणांत यानानं प्रत्येकी आठ नकली उपग्रह बाहेर सोडून दाखवले.

नकली हा शब्द लक्षात ठेवा. या अकरा उड्डाणांत स्टारशिपनं एकही खराखुरा इंटरनेट उपग्रह कक्षेत नेलेला नाही. वरचा टप्पा परत आणून पुन्हा वापरणंही अजून बाकी आहे. आज स्टारलिंक चालतंय ते फाल्कन ९ च्या जिवावर.

इंटरनेटचा आणि रॉकेटच्या पुनर्वापराचा इतका जवळचा संबंध का? आपल्या घरावरच्या टीव्हीच्या डिशला सिग्नल देणारा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथून टीव्ही मस्त दिसतो, कारण टीव्हीला तुमचं उत्तर नको असतं. व्हिडिओ कॉलला ते हवं असतं. सिग्नल एवढा लांब जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ खातो, आणि दोघंही एकदमच बोलायला लागतात. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. त्यामुळे उत्तर झटकन येतं. पण इतक्या खालून एका उपग्रहाला पृथ्वीचा छोटासाच भाग दिसतो आणि तो तुमच्या डोक्यावरून काही मिनिटांत निघूनही जातो. म्हणून ते हजारोंनी लागतात. स्टारलिंकनं आतापर्यंत १० हजारांहून जास्त उपग्रह सोडलेत.

आणि एका उपग्रहाचं आयुष्य साधारण पाच वर्षं. म्हणजे १० हजारांचा ताफा नुसता आहे तसा ठेवायचा, तरी दर वर्षी दोन हजार नवे उपग्रह हवेत. एका फाल्कनमध्ये पंचवीसेक मावतात. म्हणजे वर्षाला ८० उड्डाणं फक्त जुन्यांची जागा भरायला! दर वेळी रॉकेट फेकून देऊन हा धंदा चालूच शकला नसता. तेव्हा साखळीतली पहिली कडी खरीच आहे. या इंजिनीअरना पूर्ण मार्क.

बचत कुणाच्या खिशात?

आता दुसरी कडी. फाल्कन ९ च्या एका उड्डाणाची जाहीर किंमत बरीच वर्षं ६ कोटी २० लाख डॉलर होती. रॉकेटं पुन्हा पुन्हा उडू लागली, कंपनीचा खर्च उतरला. आणि २०२२ मध्ये ही किंमत वाढून ६ कोटी ७० लाख डॉलर झाली. कारण महागाईचं दिलं गेलं. यात बेकायदा काहीच नाही. बाजारात दुसरं कुणी तेवढ्यात तेवढं काम करून देत नसेल, तर झालेली बचत कंपनी स्वतःकडे ठेवते. तुम्ही-आम्ही दुकान चालवत असतो तर वेगळं काय केलं असतं?

हे आपल्याला मोबाइलमधूनही माहीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले, कारण स्पर्धा लागली. पुढे कंपन्या कमी झाल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ रिचार्ज महाग केलं. भाव पडतात ते कुणीतरी अंगावर आल्यामुळे किंवा सरकारनं अट घातल्यामुळे. तंत्रज्ञान नुसती त्याची शक्यता तयार करतं.

उपग्रह इंटरनेटमध्ये अशी स्पर्धा येईल? चिन्हं आहेत. ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेन रॉकेटनं नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरवला. चीनच्या लँडस्पेस कंपनीचं झुचे-३ डिसेंबरमध्ये कक्षेत पोचलं, पण बूस्टर उतरताना नष्ट झाला. आपल्या इस्रोनं 'पुष्पक' हे पंखांचं यान चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर उतरवून दाखवलं, २०२३ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये दोनदा. पहिला टप्पा परत वापरता येईल अशा नव्या प्रक्षेपक रॉकेटला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. पण ही सगळी उद्याची गोष्ट आहे. आज या मैदानात एकच कंपनी बाकीच्यांच्या खूप पुढे आहे.

मग गावातल्या घराला महिन्याला किती पडणार? डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या भारतातल्या वेबसाइटवर महिना ८,६०० रुपये आणि डिश-राउटरचे ३४ हजार रुपये असे आकडे झळकले. हे चाचणीचे आकडे चुकून दिसले, खरे दर ठरलेले नाहीत, असा खुलासा कंपनीनं लगेच केला. ठीक आहे, तो आकडा सोडून द्या. दर त्याच्या निम्मा, अगदी चौथा हिस्सा धरा. तरीही २८ दिवसांचं तीनशे रुपयांचं रिचार्ज मारताना ज्या घरात विचार होतो, त्या घराला तो परवडणार नाही.

शिवाय जागाही मोजकी आहे. उपग्रहाची क्षमता त्या भागातल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. स्टारलिंकला भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील, असं केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं. देशात सहा लाखांहून जास्त गावं आहेत. सगळी जोडणी फक्त गावांना दिली, तरी गावामागे तीन-चार घरं. आणि ती घरं कुणाची असतील, हे तुम्हाला माहीत आहे.

गावात नेट येण्याचे चार रस्ते

उपग्रह हा एकच रस्ता नाही, हे आपण विसरतो कारण बाकीचे रस्ते व्हायरल होत नाहीत.

पहिला रस्ता टॉवरचा. ग्रामीण भारताचं नेट म्हणजे आज मुख्यतः मोबाइलच. नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४-जी पोचवायची योजना केंद्रानं जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४-जी सुरू झालं. टॉवर आला की खिशातला फोनच चालतो, वेगळी डिश नको. पण वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, की अख्खं गाव एकदम आउट.

दुसरा फायबरचा. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेण्याचा प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला. आज तो भारतनेट म्हणून ओळखला जातो. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातलं महाराष्ट्रातलं काम म्हणजे महानेट. सरकारी हिशेबानं देशातल्या दोन लाखांहून जास्त पंचायतींत ही सोय तयार आहे. तरी २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर करावे लागले. कारण पंचायतीत डबा बसणं वेगळं आणि त्या डब्यातला हिरवा दिवा रोज पेटणं वेगळं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, तर ती जोडायची कुणी, किती दिवसांत? तरीही क्षमतेत फायबरला तोड नाही. एकदा नीट टाकला की पुढची कितीतरी वर्षं वेग वाढवत नेता येतो.

तिसरा रस्ता वायफायच्या वाटणीचा. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली. किराणावाला, चहावाला, कुणीही परवान्याशिवाय आपल्या दुकानातून वायफाय विकू शकतो. जुन्या पीसीओचा नवा अवतारच म्हणा ना! पाच-दहा रुपयांचं कूपन घ्या, फॉर्म भरा, घरी जा. कल्पना फर्स्ट क्लास. पण दुकानापर्यंत चांगली लाइन आली तरच ती चालणार.

चौथा रस्ता आभाळातला. स्टारलिंक एकटं नाही. वनवेबचे ७२ उपग्रह तर आपल्या इस्रोच्याच एलव्हीएम-३ रॉकेटनं २०२२ आणि २०२३ मध्ये दोन खेपांत सोडले. डिशला मोकळं आभाळ लागतं. दाट झाडी किंवा अरुंद दरी असेल तर सिग्नल तुटतो, धो धो पावसात मंदावतो. डिश साधारण एका सीलिंग फॅनएवढी वीज खाते, तीही चोवीस तास. म्हणजे भारनियमनाच्या गावात सोबत बॅटरी किंवा सोलर आलंच.

वाशिम म्हणजे भामरागड नव्हे

आता इरादापत्रातली चार नावं पुन्हा वाचा. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम. ही नावं कुठेतरी एकत्र ऐकल्यासारखी वाटतात? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे हेच चार जिल्हे आहेत. ती यादी आरोग्य, शिक्षण अशा निकषांवर केलेली आहे. तिचा उपयोग व्हावाच. पण विकासात मागे असणं आणि केबल पोचणं अशक्य असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गडचिरोलीतलं भामरागड घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की तालुक्याच्या गावाचा बाकी जगाशी रस्ता तुटतो. वर्षानुवर्षं हीच बातमी येते. तिथे आभाळातून येणारं नेट म्हणजे चैन नाही. पुरात अडकलेल्या बाळंतिणीसाठी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरशी बोलता येणं, हे त्याचं मोल आहे. नर्मदेकाठच्या ज्या गावांत आजही बोटीनं जावं लागतं, तिथेही तेच. अशा ठिकाणी डिश उद्या लागणार असेल तर आजच लावा.

वाशिमचं चित्र वेगळं आहे. त्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. धाराशिवही मोठ्या रस्त्यांवर आहे. तिथल्या बहुतेक गावांना डोंगर आडवा येत नाही. तिथे आड येतं ते अर्धवट राहिलेलं फायबर, बंद पडलेली उपकरणं आणि पंचायतीचं थकलेलं वीजबिल. अशा गावात डिश बसवली तर दिसायला छान दिसेल. पण ज्या प्रश्नाला केबल हे स्वस्त आणि टिकाऊ उत्तर आहे, त्याला आपण परदेशी कंपनीचं महिन्याचं भाडं लावून घेऊ. आणि उद्या कुणी विचारलं, "फायबरचं काय झालं?" तर उत्तर मिळेल, "आता उपग्रह आलाय ना!"

माझी भीती नेमकी ही आहे. चकचकीत उपाय जुन्या, कंटाळवाण्या, पण जास्त उपयोगी कामाला सुट्टी देऊन टाकतो.

२,४०० गावं, एक उपग्रह, एक वर्ष

आभाळातून गावाला जोडण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही. साधारण ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९७५ ला, 'साइट' नावाचा उपक्रम सुरू झाला. विक्रम साराभाईंनी पाहिलेल्या स्वप्नातला तो एक तुकडा. तो सुरू झाला तेव्हा साराभाई हयात नव्हते. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट टीव्ही पोचवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण धडा सगळ्यांसाठी आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या डिश भारतातच बनवल्या. टीव्ही घरोघरी दिला नाही. गावाला एक, सार्वजनिक जागी. मुलांसाठी वेगळे कार्यक्रम, मोठ्यांसाठी शेतीचे आणि आरोग्याचे वेगळे.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, महाग तंत्रज्ञान गरीब गावात न्यायचं तर ते आधी सामायिक करावं लागतं. दोन, ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह त्याच्या मालकाकडे परत गेला आणि प्रयोग थांबला. उसनं आभाळ हे उसनंच असतं. तेव्हा स्टारलिंकशी करार करताना तो किती वर्षांचा, दर कोण ठरवणार आणि सेवा थांबली तर पर्याय काय, हे आधीच लिहून घ्यायला हवं.

दुसरा धडा जवळचा आहे. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीनं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांच्या "लाव रे तो व्हिडिओ"मध्ये तेच गाव झळकलं, दाव्यातलं किती खरं असा सवाल करत. सरकार पक्षानं तो आरोप फेटाळला. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. पण एका गावाच्या नेटवर्कबद्दल महाराष्ट्रानं प्रचारसभेतल्या पडद्यावर भांडावं, याचा अर्थ काय? नेट रोज चालतंय का, याची नोंद कुठे सगळ्यांना दिसेल अशी नव्हती. उद्घाटनाचा फोटो असतो. तीनशेव्या दिवसाचा नसतो.

मग करायचं काय?

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगते. जिथे केबल किंवा टॉवर खरोखर पोचू शकत नाही, तिथेच सरकारी पैशातून डिश लावा, आणि ती शाळा, आरोग्य केंद्र, पंचायत अशा सामायिक जागी, बॅटरीसह लावून संध्याकाळी गावासाठी उघडी ठेवा. जिथे केबल पोचू शकते तिथे उपग्रहाचं निमित्त करून ती थांबवू नका. आणि दोन्हीकडे, महिन्यातले किती दिवस नेट चालू होतं, हा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहा.

ज्यांना स्वतःच्या पैशानं डिश घ्यायची आहे, त्यांनी खुशाल घ्यावी. गावातला एखादा बागायतदार किंवा घरून काम करणारा मुलगा डिश लावत असेल तर चांगलंच आहे. वाद आहे तो फक्त लोकांच्या पैशाचा.

"सामायिक म्हणजे कुणाचंच नाही, कुलूप लावून ठेवतील," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. गावातली व्यायामशाळा आणि वाचनालय आपण पाहिलेलं आहे. म्हणून तर फळ्यावरचा तो आकडा हवा, आणि तो वाचून "काय हो, मंगळवारी का बंद होतं?" असं विचारणारं कुणीतरी हवं.

ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. थंडीत कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात लागतं. आपण श्रमदान करतो, पथनाट्य करतो, शेवटच्या दिवशी रडतो आणि ग्रुप फोटो काढतो. या वेळी त्यात एक तास वाढवा. पंचायतीत जा आणि विचारा: फायबरचा डबा कुठे आहे? त्यातला दिवा चालू आहे का? बंद असेल तर कधीपासून, आणि तक्रार कुणाकडे केली? शाळेत नेट आहे का, की मास्तर स्वतःच्या मोबाइलवरून हजेरी भरतात? मुली फॉर्म भरायला कुठे जातात आणि जाण्यायेण्याचं भाडं किती पडतं? उत्तरं एका कागदावर लिहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवायला गावातल्याच एखाद्या मुलीला सांगा. उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो.

तुम्ही त्या चार जिल्ह्यांपैकी एकातले असाल, तर तुमचं काम आणखी सोपं आहे. इरादापत्राचं पुढे करारात रूपांतर होईल तेव्हा तुमच्या तालुक्यातली कोणती गावं यादीत आहेत, हे विचारा. यादी जाहीर करा म्हणा. भामरागडचं नाव वर आणि मोठ्या रस्त्यावरच्या गावाचं खाली आहे ना, ते बघा.

पुढचं रॉकेट उडेल तेव्हा मी लाइव्ह बघणारच आहे, तुम्हीही बघा. एवढी मोठी वस्तू परत येऊन टॉवरच्या हातात बसते, ते बघताना अंगावर काटा येतोच. फक्त बघून झाल्यावर फोन खाली ठेवण्याआधी गावाकडच्या एका मित्राला मेसेज टाका: तुझ्याकडे व्हिडिओ लोड झाला का? दोन टिक लगेच आल्या तर उत्तमच. एकच टिक रात्रभर तशीच राहिली, तर पंचायतीत पहिला प्रश्न कोणत्या गावासाठी विचारायचा, ते तुम्हाला कळलेलं असेल.